ठोकळा, बुश आणि एक शहाणा झोपाळा

भोकं पाडणं हा काय दिवाळी अंकात लिहायचा विषय आहे, असा प्रश्न आमच्या घरातूनच आला, म्हणजे बायकोकडून. मी म्हटलं, अगो, जगातली निम्मी कामं भोकांवर चालतात. दाराला कुलूप, होडीला पंखा, भिंतीला देवाचा फोटो, कानाला कुडी. ती म्हणाली, "तुमच्या तोंडाचं तेवढं बंद ठेवा, म्हंजे लिहून होईल." तेव्हा तोंड बंद ठेवून लिहितो आहे.

रत्नागिरीत माझं सुतारकामाचं दुकान. आता पुतण्या चालवतो आणि मी बाकावर बसून त्याला सल्ले देतो, जे तो ऐकत नाही. दारं, खिडक्या, होड्यांची डागडुजी हे सगळं केलं, पण जीव रमला तो झोपाळ्यांत. या तालुक्यात मी टांगलेले सगळे झोपाळे एकाच वेळी पुढे गेले तर समुद्र दोन हात मागे सरेल, असा माझा अंदाज आहे. कोणी पडताळून पाहिलेला नाही.

झोपाळ्यात अवघड काय, असं तुम्ही म्हणाल. फळीला चार कोपऱ्यांत चार भोकं पाडायची, त्यातून चार सळ्या घालायच्या, खाली नट आवळायचे, वर कड्या हुकात अडकवायच्या. झालं. पण ती चार भोकं जाड फळीतून आरपार सरळ जायला हवीत. आणि आमच्याकडचा फणस हा असा कारस्थानी की त्याच्या लाकडातल्या रेषा ड्रिलच्या टोकाला हाताला धरून आपल्या घरी घेऊन जातात. उमेदवारीच्या काळात मी एका घराच्या ओटीवरून फणसाच्या चौकटीला भोक मारायला घेतलं. ड्रिल शिरला तो शिरलाच. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून बाई ओरडली की तव्यावरच्या घावन्याला भोक पडलं. घावन्याला मुळातच भोकं असतात, त्यामुळे माझं कुठलं ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

तेव्हापासून मी ठोकळा वापरतो. अंघोळीच्या साबणाच्या वडीएवढा पोलादाचा तुकडा, तळ अगदी सपाट, मधोमध आरपार एक मोठं भोक. त्या भोकात बसतात बुश. बुश म्हणजे कडक केलेल्या पोलादाची आखूड नळी. बाहेरून सगळ्या नळ्या एकाच मापाच्या, ठोकळ्यात बोटात अंगठी बसावी तशा बसणाऱ्या. आतून मात्र प्रत्येकीचं माप वेगळं. ड्रिल जेवढा जाड, तेवढ्या मापाचा बुश घालायचा. ठोकळा डाव्या हाताने लाकडावर दाबून धरायचा आणि बुशमधून ड्रिल खाली सोडायचा. मग ड्रिलच्या मनात काहीही असो, त्याला सरळच उतरावं लागतं. कारखान्यांत यासाठी उभी मशीनं असतात. पण मशीन खांद्यावर टाकून कोणी माडीवर चढत नाही, आणि होडी काही चालत मशीनखाली येत नाही. ठोकळा खिशात मावतो. लेंगा तेवढा खाली येतो.

बुश मी पानाच्या डब्यात ठेवतो. चुन्याच्या, काताच्या, सुपारीच्या खणांत एकेक माप. लांज्याला एका काजूवाल्याकडे काम करत होतो, तर त्यांच्या म्हाताऱ्या मामांनी डबा उघडून एक बुश तोंडात टाकला. दात नव्हते म्हणून बुश वाचला. बराच वेळ चघळून मामा म्हणाले, "सुपारी जून हाय तुजी." मग तोच बुश पुसून मी त्यांच्या दाराला कडी बसवली.

पण मला सांगायचं आहे ते पालीच्या शांतारामभाऊंचं.

भाऊंनी जन्मभर ट्रक चालवला. आंबा घाटात गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकलं की असे घोरायचे की मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न समजून बाजूला व्हायच्या. आणि त्यांची बायको, आमच्या सुलूवहिनी, त्यांना झोप नाही. जुन्या घरात होती. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्या झोपाळ्यावरच निजायच्या. फळीच्या एका टोकाला डोकं, झोपाळ्याला दोरी, आणि भाऊ घरी असले की भिंतीला टेकून ती दोरी ओढायचे. पुढे रस्ता रुंद झाला, रस्त्यालगतचं घर त्यात गेलं, अंगणातला फणसही गेला. मागच्या बाजूला स्लॅबचं नवं घर उभं राहिलं. सामान हलवताना झोपाळ्याची फळी मधोमध तडकली; आतून वाळवीने खाल्लेली होती. मुलाने, अवीने, ठाण्याहून जाड गादी आणि पलंग पाठवला. वहिनी त्या गादीवर रात्रभर डोळे उघडे ठेवून पडायच्या. गोळ्यांनी झोप येईना, नुसतं गरगरायचं. एकदा न्हाणीघरात पडल्या. तेव्हा अवीने ठरवलं की मे महिन्यात यायचं आणि दोघांना कायमचं ठाण्याला न्यायचं.

भाऊ दुकानात आले, बाकावर माझ्या शेजारी बसले आणि समोर बघत म्हणाले, "मिस्त्री, अंगणातल्या फणसाची एक फळी ठेवलीय मी. चांगली सुकलीय. अवी यायच्या आत झोपाळा टांगून दे."

"टांगतो की. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"ती झोपली तर आमी ऱ्हातो. नाय झोपली तर गेलो. सातव्या माळ्यावर."

"तुम्हाला काय, तुम्ही कुठंही घोराल."

"माजं सोड. ती म्हणते, तिकडं मी कोणाशी बोलू, कावळ्यांशी?" मग जरा थांबून म्हणाले, "फळी एकच हाय. ती फुकट गेली तर दुसरा फणस नाय."

मी गेलो. फळी बघितली आणि मला गहिवरून आलं, एवढी सुरेख फळी. हळदीसारखी पिवळी, हात फिरवला तर हात परत यायला तयार नाही. ठोकळा काढला, बुश बसवला आणि चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली. अशी सरळ की वरून टाकलेला तांदळाचा दाणा कडेला न लागता खाली पडेल. संध्याकाळपर्यंत झोपाळा टांगून झाला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. रिकामा झोपाळा हलवायचा नाही. घराला बरं नसतं म्हणतात. त्यामुळे झोपाळा नीट झाला का, हे सुताराला हलवून बघता येत नाही. घरातल्याच कोणीतरी आधी बसायचं आणि सुताराने बाजूला उभं राहून देवाचं नाव घ्यायचं. भाऊंनी नारळ फोडला. वहिनी बसल्या, मग आडव्या झाल्या. भाऊंनी दोरी ओढली. झोपाळा गेला आणि आला. ना कुरकुर, ना हेलकावा. रेघ ओढावी तसा. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

वहिनी छताकडे बघत पडल्या होत्या.

"नवीन हाय," भाऊ म्हणाले. "होईल सवय."

चार-पाच दिवसांनी मी पुन्हा गेलो. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चहा ठेवताना कपबशीचा आवाज होत होता.

"वहिनी, खरं सांगा. माझ्या कामात काय खोट आहे?"

"खोट नाय वो, भावजी. झोपाळा चांगला हाय." त्या जरा हसल्या. "लय शाना हाय. शाळेतल्या पोरासारखा जातो आन् येतो."

"मग?"

"जुना तसा नव्हता. जुना जाताना सरळ जायचा, येताना इकडं तिकडं बघत यायचा."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्या सांगत होत्या ते वेगळंच. वहिनींचं माहेर पूर्णगडच्या खाडीकाठी. वडील तर चालवायचे, म्हणजे माणसांना होडीतून पलीकडे न्यायचे-आणायचे. आई नव्हती. ही पोरगी दिवसभर बापाबरोबर, आणि दुपारी होडी खुंट्याला बांधली की हिने आतच झोपायचं. लग्न करून पालीला आली, तर इथे सगळी जमीन. कातळ, चिरे, डोंगर. जमीन हलत नाही म्हणून तिला झोप येईना. कोणाला सांगणार? सासू काय म्हणेल? एके दुपारी घरात कोणी नाही असं बघून झोपाळ्यावर आडवी झाली आणि दिवेलागणीलाच उठली.

"बांधलेली होडी कशी हलते, बघितलीय काय तुमी?" वहिनींनी विचारलं.

मी आयुष्यभर होड्यांना भोकं पाडली. त्या कशा हलतात ते बघितलं नव्हतं.

"जुनी फळी कुठाय?" मी भाऊंना विचारलं.

ती मागीलदारी होती, दोन चिऱ्यांवर ठेवलेली, वर पाण्याच्या कळशा. कळशा उतरवल्या, चारही भोकांत एकेक सळी घालून बघितली. तीन भोकं बऱ्यापैकी सरळ. चौथं तिरकं. कोणा जुन्या सुताराने गिरमिटाने, डोळ्याच्या अंदाजाने पाडलेलं. फणसाच्या रेषेने त्याला नेलं आणि तो गेला. त्या एका तिरक्या सळीमुळे फळी परतताना एका कोपऱ्यावर जराशी रेलत असणार, आणि सळी भोकात घासून बारीक आवाज करत असणार. मी असले झोपाळे कितीतरी घरांत दुरुस्त करून दिले आहेत. लोक खूश झाले. त्यातल्या कोणाची झोप गेली असेल, देव जाणे.

पण फळीची वरची बाजू कुठली, डोक्याचं टोक कुठलं? दोन्ही बाजू सारख्याच काळ्या झाल्या होत्या. भाऊ एक सांगत होते, मग दुसरंच सांगत होते. वहिनी पदर खोचून आल्या, फळी उलटी करायला लावली आणि बोट ठेवलं. तिथे लाकूड आरशासारखं गुळगुळीत होतं आणि तेलकट. इतक्या वर्षांचं खोबरेल आत मुरलेलं. तिरकं भोक त्याच टोकाला होतं, आतल्या कोपऱ्यात, माथ्याशी.

मी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन सळीचा कल त्यावर कापून घेतला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाट्याच्या खाडीवर गेलो. बायकोला सांगितलं, कामाला चाललोय. सुरूच्या सावलीत बसलो. समोर एक होडी नाकाला दोर बांधून उभी होती, भरतीचं पाणी आत येत होतं. होडी आधी नाकाने वर जायची, मग कुशीवर वळल्यासारखी व्हायची, काहीतरी विसरल्यासारखी थांबायची आणि वेगळ्याच वाटेने परत यायची. पाणी मऊ होतं. सुरूतून वारा शीळ घालत होता, पण अशी की ऐकायलाच हवं असं काही नाही. मी झाडाला टेकलो.

मग मला दिसलं की खाडी हीच फळी आहे. चार कोपऱ्यांना चार सळ्या, वर आभाळात गेलेल्या, त्यांचे हूक कुठे आहेत ते दिसत नाही. फळीवर सगळी रत्नागिरी आडवी झालेली. बंदरावरची माणसं, कचेरीतली माणसं, मासळीवाल्या टोपलीवर डोकं ठेवून, वकील कोटाची घडी उशाला घेऊन. लांब कोणीतरी दोरी ओढत होतं. मी ठोकळा घेऊन चारही कोपऱ्यांना फिरत होतो, वाकून भोकं बघत होतो, आणि प्रत्येक भोक थोडं थोडं तिरकं होतं. नेहमी असं दिसलं की मला राग येतो. तेव्हा आला नाही. मी ठोकळा उशाला घेतला आणि त्यांच्यातच आडवा झालो.

जाग आली तेव्हा होडी वाळूत बसली होती आणि माझ्या अंगावर मुंग्या होत्या.

तिरकं भोक पाडणं सोपं, असं कोणालाही वाटेल. ड्रिल तिरका धरला की झालं. पण तिरका ड्रिल लाकडावर टेकतच नाही, घसरतो, आणि कोपऱ्यातली फळी चिरते. ती चिरली असती तर दुसरा फणस नव्हता. आणि कल हवा होता तेवढाच, पुठ्ठ्याएवढा. म्हणजे वाकडं भोक पाडायलाही ठोकळाच हवा. फक्त बुश दुसरा.

म्हणून गेलो हसनभाईकडे. हा आमच्या औद्योगिक वसाहतीतला टर्नर, माझे सगळे बुश यानेच केलेले. त्याला म्हटलं, बाहेरून नेहमीच्याच मापाचा बुश कर, पण आतलं भोक तिरकं.

हसनभाईने चष्मा कपाळावर चढवला. "मिस्त्री, बरा हाईस ना? केसाएवढा फरक पडला तर बुश माज्या अंगावर फेकायचास तू. आन् आता तिरका?"

मी पुठ्ठा काढून दिला. "एवढाच."

त्याने तो उजेडात धरून बघितला. "ह्यो कल कशाचा?"

"झोपेचा."

तो हसला नाही. लेथवर बुश धरताना त्याच्या एका बाजूला पत्र्याची कपची घालून त्याने नळी कलती केली आणि सावकाश भोक घेतलं. बुश माझ्या हातात ठेवत म्हणाला, "चालला तर सांग. एक मलापण लागंल."

मी पालीला पोचून फळी खाली उतरवली, माथ्याशी पाडलेलं माझं सरळ भोक फणसाच्याच खुंटीने गोंद लावून बुजवलं आणि गोंद सुकायला ठेवला. तो सुकेपर्यंत अवी येऊन दाखल झाला. बँकेत असतो, गुणी मुलगा. आईबापांसाठी चाकांच्या दोन नव्या बॅगा घेऊन आला होता. ओटीवर फळी पडलेली बघून म्हणाला, "काका, झोपाळा तर लावला होता ना? परत का काढलात?"

"एक भोक वाकडं करायचंय."

"वाकडं?"

"हो. चुकून सरळ झालं होतं."

अवीने वडिलांकडे बघितलं. भाऊंनी बिडी पेटवायचं निमित्त करून मान वळवली.

बुश ठोकळ्यात बसवला. आता सरळ बुश कसाही फिरला तरी चालतो, पण तिरका बुश ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला भोक जाणार. म्हणून त्याच्या कडेवर खूण केली होती, ती फळीच्या माथ्याकडे वळवली. पुन्हा बघितली. वहिनींना दाखवली. त्या नुसतं "होय" म्हणाल्या. डाव्या हाताने ठोकळा दाबला. ड्रिल सोडला. पिवळा भुसा वर आला, फणसाचा वास सुटला, आणि टोक खालून बाहेर पडेपर्यंत ओटीवर कोणी हललं नाही. फळी चिरली नाही.

जेवणं झाली. झोपाळा पुन्हा टांगला. बाहेर ऊन असं की रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा दबकून जात होत्या. वहिनी आडव्या झाल्या, भाऊंनी दोरी ओढली. झोपाळा सरळ गेला. टोकाला क्षणभर थांबला. मग माथ्याकडच्या कोपऱ्यावर किंचित रेलला आणि जरा बाजूने, इकडं तिकडं बघत परत आला. सळी भोकात हुं म्हणाली. पुन्हा गेला, पुन्हा रेलला, पुन्हा हुं. मला वाटलं जमीन ओलसर झाली आहे. खिडकीतून येणारं ऊन फरशीवर पाण्यासारखं पुढेमागे होत होतं.

वहिनी अवीला सांगत होत्या, "लोणच्याची बरणी बॅगेत नको घालू, हातात घे. आन् तिच्या तोंडाला फडकं नीट..."

आम्ही पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं आलं नाही. हात फळीवरून खाली लोंबत होता, बोटं उघडी.

मग अवी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, कमालच केलीत. मग हाच झोपाळा घेऊन जाऊ ना तिकडे? हॉलला हूक आहेत. फळी गाडीत मावेल."

भाऊंचा दोरीवरचा हात थांबला आणि लगेच पुन्हा चालू झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता खरं काय? चार हूक असले की झोपाळा कुठेही लागतो. ठाण्यात लागतो, दिल्लीत लागतो. हे मला माहीत होतं, भाऊंना माहीत होतं.

"नाही रे बाबा," मी कुजबुजलो. "हा कल इथला आहे. पालीची जमीन समुद्राकडे उतरते. जमिनीबरोबर घर, घराबरोबर स्लॅब. तो उतार मोजून बुशमध्ये घेतलाय. ठाण्याची जमीन भलतीकडे उतरते. तिथे टांगलास तर झोपाळा गोल फिरायला लागेल."

"गोल?"

"गोल. आणि तिला होडी लागते तशी लागेल. शिवाय तुझा सातवा माळा. जेवढं उंच, तेवढा कल दुप्पट. मला तिथे बसून नवा बुश करावा लागेल, आणि हसनभाई काही घाटावरचं काम घेत नाही."

ठाणे घाटावर नाही, हे माझ्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

अवी माझ्याकडे बघत राहिला. दिवसभर काउंटरच्या पलीकडची तोंडं वाचणारा माणूस. मीही बघत राहिलो, कारण अशा वेळी नजर काढली की संपलं. मग त्याने आईकडे बघितलं. झोपाळा रेलून परत येत होता. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, त्यामुळे ती दुसरीच कोणी वाटत होती, लहान कोणीतरी.

त्याने बॅगा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. चाकांवर ओढल्या नाहीत, आवाज होईल म्हणून. बाहेर आला आणि वडिलांच्या हातातून दोरी घेतली.

"किती वेळ ओढायची?" त्याने विचारलं.

"उठेस्तवर," भाऊ म्हणाले.

अवीने मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं, भिंतीला पाठ लावून बसला आणि दोरी ओढली.